इलेक्ट्रॉन आहेत, जागाही आहे, तरी वीज का वाहत नाही?

निकेल ऑक्साइड ही फिकट हिरवी भुकटी. तिच्यातून वीज वाहत नाही. त्यात काय नवल, मिठातून तरी कुठे वाहते? पण १९३७ साली ब्रिस्टलला भरलेल्या एका परिषदेत द बूर आणि व्हरवे या दोन डच संशोधकांनी नेमकी हीच साधी गोष्ट सगळ्यांपुढे ठेवली आणि नुकत्याच स्थिरावलेल्या एका सिद्धांताची पंचाईत करून टाकली. त्या सिद्धांताच्या हिशेबाने निकेल ऑक्साइड, आणि त्याहूनही ठामपणे त्याचा भाऊबंद कोबाल्ट ऑक्साइड, धातूसारखा वीजवाहक असायला हवा होता.

तो पट्ट्यांचा सिद्धांत थोडक्यात असा. सुट्या अणूत इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेच्या ठरावीक पातळ्या असतात. असे असंख्य अणू स्फटिकात जवळजवळ आले की एकेक पातळी पसरून तिचा पट्टा होतो. पट्ट्यातल्या प्रत्येक अवस्थेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात, एक वर स्पिनचा आणि एक खाली स्पिनचा (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचं अंगभूत चिमुकलं चुंबकत्व). पट्टा काठोकाठ भरलेला असला की विद्युतदाब लावूनही इलेक्ट्रॉनांना हलायला रिकामी अवस्था मिळत नाही, पदार्थ विद्युतरोधक ठरतो. अर्धवट भरलेला असला की धातू. तांबं, सोडियम, हिरा, सिलिकॉन, मीठ, सगळे या हिशेबात चपखल बसतात. त्यातून एक सोपा नियमही निघतो: स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा जो सर्वांत लहान घटक असतो, त्यातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल, तर निदान एक पट्टा अर्धवट राहणारच. म्हणजे पदार्थ धातू असणारच. कोबाल्ट ऑक्साइडमध्ये प्रत्येक कोबाल्टच्या डी नावाच्या बाहेरच्या कक्षांत सात इलेक्ट्रॉन असतात. संख्या विषम, हिशेब धातूचा, आणि हातातली वस्तू मात्र पक्की रोधक.

एक पळवाट होती. थंड कोबाल्ट ऑक्साइडमध्ये अणूंचे चुंबकीय कल आलटूनपालटून उलटसुलट लागतात. मग पुन्हा येणारा घटक दुप्पट मोठा धरावा लागतो आणि विषमाचं सम होतं. पण ही चुंबकीय मांडणी २९० केल्विनच्या आसपास, म्हणजे साधारण १७ अंश सेल्सिअसला, मोडते. त्याच्या वरही कोबाल्ट ऑक्साइड रोधक तो रोधकच. पळवाट बंद.

खऱ्या दुखण्यावर त्या परिषदेतच रुडॉल्फ पायर्ल्स यांनी बोट ठेवलं. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, आणि पट्ट्यांच्या सिद्धांतात या ढकलण्याची सरासरी काढून ते मिटवून टाकलेलं असतं. प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू बाकीच्यांच्या धूसर ढगातून एकटाच फिरतो. नेव्हिल मॉट यांनी हा धागा सोडला नाही. १९४९ साली त्यांनी तो नीट मांडला, म्हणून अशा पदार्थांना आज मॉट रोधक म्हणतात. १९७७च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये अँडरसन आणि व्हॅन व्ह्लेक यांच्यासोबत तेही होते.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते अगदी जवळून पाहू. दोन अणू घ्या, प्रत्येकावर एकच कक्षा, आणि मिळून दोन इलेक्ट्रॉन: एक वर स्पिनचा, एक खाली स्पिनचा. त्यांना बसायच्या चार तऱ्हा आहेत. वरचा डावीकडे आणि खालचा उजवीकडे. किंवा याच्या उलट. किंवा दोघेही डावीकडे. किंवा दोघेही उजवीकडे. ऊर्जा दोनच आहेत. एक म्हणजे इलेक्ट्रॉनाने या अणूवरून त्या अणूवर उडी मारल्याने मिळणारा फायदा; तिला ‘टी’ म्हणतात. दुसरी म्हणजे दोघे एकाच अणूवर आल्यास मोजावी लागणारी किंमत, ती ‘यू’. जॉन हबर्ड यांनी १९६३ साली या दोनच अक्षरांवर जे प्रतिमान उभं केलं, ते आजही या क्षेत्राचं रोजचं अवजार आहे.

यू शून्य असेल तर चारही तऱ्हा सारख्याच संभाव्य. म्हणजे निम्मा वेळ दोघे एकाच अणूवर सापडतील. पट्ट्यांचा सिद्धांत नेमकं हेच गृहीत धरतो. आता यू वाढवत जा. गणित दोन ओळींचं आहे, ते इथे मांडत नाही, पण उत्तर असं: यू टीच्या आठपट असेल तर दोघे एकत्र सापडण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर येते. वीसपट असेल तर जेमतेम १ टक्का. इलेक्ट्रॉनांनी एकेक अणू वाटून घेतला, आणि कुणी कुणाच्या घरी जात नाही. अशा असंख्य अणूंच्या स्फटिकात वीज वाहणार कशी? प्रवाह म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी अणूवर जाणं, आणि तिथे दर वेळी यूची किंमत मोजावी लागते. निकेल ऑक्साइडमध्ये ही एकूण अडवणूक सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा त्याच्या दीडशेव्या भागाइतकीही नाही.

या चिमुकल्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट फुकट हाती लागते. इलेक्ट्रॉन कायमचा शेजारी जाऊ शकत नसला तरी क्षणभर डोकावून परत येऊ शकतो, आणि त्या डोकावण्यानेही ऊर्जा थोडी उतरते. पण शेजाऱ्याचा स्पिन उलटा असेल तरच. सारखा असेल तर एका कक्षेत सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन बसू न देणारा पाउलीचा नियम दारातच अडवतो. म्हणून शेजारशेजारचे स्पिन उलटसुलट राहणं फायद्याचं ठरतं. हा फायदा टीच्या वर्गाची चौपट भागिले यू इतका असतो. मघाची पळवाट आठवत असेल, तर तिथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती हे लक्षात येईल. उलटसुलट चुंबकत्वामुळे पदार्थ रोधक झालेला नसतो. इलेक्ट्रॉन आधीच जागेवर खिळलेले असतात, चुंबकत्व मागाहून येतं.

दोनावरून वीस अणूंवर गेलात की गणित हाताबाहेर जातं. प्रत्येक अणूच्या चार अवस्था: रिकामा, वर, खाली, दोघेही. वीस अणूंच्या मिळून होतात चाराचा विसावा घात, म्हणजे सुमारे १,१०,००० कोटी. आणि मिठाच्या कणाएवढ्या स्फटिकातही अणू अब्जावधींच्या अब्जावधी असतात. इलेक्ट्रॉन एकमेकांकडे लक्ष न देता वागत असते तर एकाचा हिशेब करून सगळ्यांना लावता आला असता. इथे प्रत्येकाची चाल बाकीच्यांच्या चालीवर ठरते. ‘तीव्र सहसंबंधित’ इलेक्ट्रॉन म्हणतात ते हेच.

आता रोधकाचा धातू कसा करायचा? सरकत्या ठोकळ्यांचं कोडं बहुतेकांनी हाताळलेलं असतं: चौकटीत पंधरा ठोकळे आणि एक रिकामं घर. ते घरही भरून टाकलं तर एकही ठोकळा हलत नाही. मॉट रोधक म्हणजे हीच काठोकाठ भरलेली चौकट. एक ठोकळा काढला की रिकामं घर फिरवत फिरवत सगळेच हलवता येतात. लँथॅनम-तांबं-ऑक्सिजन यांच्या संयुगात दर तांब्यामागे एक इलेक्ट्रॉन असा खिळलेला असतो. काही लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की तांब्याच्या थरांतून इलेक्ट्रॉन कमी होतात, घरं रिकामी होतात, आणि पाच-सहा टक्क्यांच्या पुढे तर थंडीत तो पदार्थ अतिवाहकच, म्हणजे जराही रोध न करता वीज वाहणारा, होतो. १९८६ साली बेडनोर्झ आणि म्युलर यांनी ज्या पदार्थात अतिवाहकता शोधून खळबळ उडवून दिली, तो याच घराण्यातला.

दुसरा मार्ग म्हणजे घरं न रिकामी करता अणूच जवळ आणायचे, म्हणजे टी वाढतो. याचं सर्वांत निखळ उदाहरण ऑक्साइडांत नाही, सिलिकॉनमध्ये आहे. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस मिसळला की प्रत्येक फॉस्फरसभोवती एक सैलसर बांधलेला इलेक्ट्रॉन राहतो. फॉस्फरस विरळ असेल तर अतिथंड स्थितीत पदार्थ रोधक. घन सेंटिमीटरमागे साधारण ३.७ गुणिले १०चा अठरावा घात इतके फॉस्फरस अणू झाले की धातू. ऐकायला संख्या अफाट वाटते, पण ती साडेतेरा हजार सिलिकॉनमागे एक फॉस्फरस इतकीच आहे. दोन फॉस्फरसांमधलं सरासरी अंतर सुमारे साडेसहा नॅनोमीटर, आणि इलेक्ट्रॉनाच्या कक्षेची त्रिज्या त्याच्या साधारण पावपट. मॉट यांचा ठोकताळा नेमका हाच होता: त्रिज्या अंतराच्या पावपट झाली की संक्रमण. खरं तर इथे फॉस्फरस अणू कसेही विखुरलेले असतात, आणि निव्वळ त्या अव्यवस्थेनेही इलेक्ट्रॉन अडकून पडू शकतात. ती अँडरसन यांची १९५८ची गोष्ट. १९७९ साली अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्डेलो आणि रामकृष्णन या चौघांनी तिला जे रूप दिलं त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. इथे ती बाजूला ठेवू.

व्हॅनेडियमच्या ऑक्साइडांनी मात्र या क्षेत्राला सर्वांत जास्त काळ झुलवलं आहे. व्हॅनेडियम सेस्क्विऑक्साइड, म्हणजे दोन व्हॅनेडियमला तीन ऑक्सिजनवाला, खोलीच्या तापमानाला धातू असतो आणि १६० केल्विनच्या आसपास रोधक होतो. त्याचा विशिष्ट रोध तेव्हा सुमारे कोटीपट वाढतो. त्यात टक्काभर क्रोमियम घातलं तर तो खोलीच्या तापमानालाच रोधक असतो, आणि दाब दिला की पुन्हा धातू. स्फटिकाची सममिती दोन्हीकडे तीच. आकारमान तेवढं टक्काभर बदलतं. याहून गमतीची गोष्ट अशी की योग्य प्रमाणात क्रोमियम असलेला नमुना धातू-अवस्थेतून तापवत नेला, तर वर जाताना तो रोधक होतो. तापवल्यावर इलेक्ट्रॉन मोकळे व्हायला हवेत ना? पण खिळलेल्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन वर-खाली कसाही राहू शकतो, आणि हे स्वातंत्र्य, म्हणजे एन्ट्रॉपी, उष्णतेत मोलाचं ठरतं. धातूत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ते तितकं नसतं.

दुसरा, व्हॅनेडियम डायऑक्साइड. बेल लॅब्जमध्ये मोरिन यांनी १९५९ साली दाखवलं की तो सुमारे ६८ अंश सेल्सिअसला रोधकाचा धातू होतो आणि रोध दहा हजार ते लाख पटींनी घसरतो. त्याच क्षणी तो अवरक्त किरण परतवूही लागतो, म्हणून उन्हाळ्यात उष्णता आपोआप अडवणाऱ्या खिडक्यांच्या काचांसाठी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे. सुमारे दोन टक्के टंगस्टन मिसळलं तर हे तापमान खोलीच्या तापमानाजवळ आणता येतं.

पण तो बदलतो का? धातू असताना व्हॅनेडियमचे अणू एका ओळीत समान अंतरावर उभे असतात, सुमारे २.८५ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). रोधक झाल्यावर त्यांच्या जोड्या जमतात: एक अंतर २.६च्या आसपास, पुढचं ३.१च्या आसपास. जोडी जमली की पुन्हा येणारा घटक दुप्पट, विषमाचं सम, आणि पट्ट्यांच्या जुन्या हिशेबानेही पदार्थ रोधक ठरतो. एका ओळीतले अणू असे जोडीने सरकून इलेक्ट्रॉनांसाठी दरी, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, उघडू शकतात, ही कल्पनाही पायर्ल्स यांचीच, पण दुसऱ्या संदर्भातली. मग हा मॉट की पायर्ल्स? या एका प्रश्नावर अर्धशतकाहून जास्त काळ निबंध लिहिले गेले. माझं मत विचाराल तर प्रश्नच थोडा आडमुठा आहे. नुसत्या जोड्यांनी उघडणारी दरी हिशेबात लहान पडते, आणि नुसत्या यूने जोड्यांचं स्पष्टीकरण होत नाही. जोडी जमल्याने इलेक्ट्रॉन जागेवर बसतात आणि जागेवर बसू पाहणारे इलेक्ट्रॉन जोडी घट्ट करतात. यातलं आधी कोण, हे घड्याळ लावून मोजणारे प्रयोगही झाले आहेत; लेझरच्या अतिसूक्ष्म झटक्यांनी दोन्ही बदल वेगळे करून पाहतात. तरीही एकालाच श्रेय द्यायचा हट्ट मला पटत नाही. संक्रमणाच्या तापमानाजवळ तर एकाच पातळ थरात धातूची डबकी आणि रोधकाची बेटं शेजारशेजारी असतात. २००७ साली अवरक्त सूक्ष्मदर्शनाने त्यांची थेट चित्रं घेतली गेली.

आतापर्यंत चौकट भरलेली होती. आता ती अर्धी रिकामी करून टाका. निम्मे ठोकळे काढल्यावर उरलेले अडायला नकोत. यूची अडचणही नाही, कारण शेजारी रिकामी घरं हवी तेवढी आहेत. तरीही असे पदार्थ थंड केल्यावर रोधक होतात. कारण इलेक्ट्रॉन फक्त एकाच घरात आल्यावरच एकमेकांना ढकलतात असं नाही, शेजारच्या घरातूनही ढकलतात. ढकलणं पुरेसं जोरदार असेल तर सगळ्यांना सोयीची एकच मांडणी उरते: एक घर भरलेलं, एक रिकामं, पुन्हा एक भरलेलं. कुणी एक पाऊल सरकला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी येतो, म्हणून कुणीच सरकत नाही. ही चार्ज ऑर्डरिंग, म्हणजे विद्युतभारांची शिस्तबद्ध मांडणी.

याचं आद्य उदाहरण मॅग्नेटाइट. माणसाला माहीत असलेला सर्वांत जुना चुंबक, लोहचुंबकाचा काळा दगड. मघाशी ब्रिस्टलमध्ये भेटलेले व्हरवे यांनीच १९३९ साली लिहिलं की सुमारे १२५ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे १४८ अंश सेल्सिअसला, मॅग्नेटाइटचा रोध अचानक शंभरेक पटींनी वाढतो. त्यांचं स्पष्टीकरण साधं आणि देखणं होतं. मॅग्नेटाइटमध्ये तीन लोह आणि चार ऑक्सिजन. एक लोह चार ऑक्सिजनांच्या घेऱ्यात बसतं, त्यावर तीन धन भार. उरलेली दोन सहा ऑक्सिजनांच्या घेऱ्यात, आणि त्यांच्यात मिळून एक जादा इलेक्ट्रॉन. वरच्या तापमानात तो या लोहावरून त्या लोहावर उड्या मारतो, सरासरी भार अडीच. खाली तो एकेका लोहावर थांबतो: काही लोह दोन भारांची, काही तीन, ठरावीक क्रमाने.

क्रम कोणता, हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तराला ७० वर्षं. १९५६ साली अँडरसन यांनी दाखवलं की यात मुळातच एक खोच आहे. सहाच्या घेऱ्यातली लोहं एकमेकांशी कोपऱ्यांनी जोडलेल्या चतुष्फलकांवर बसतात. प्रत्येक चतुष्फलकात दोन जादा इलेक्ट्रॉन आणि दोन रिकामी, एवढा नियम पाळला की जवळचं ढकलणं कमीत कमी होतं. पण हा नियम पाळणाऱ्या मांडण्या एक-दोन नसतात, अगणित असतात. बर्फातल्या हायड्रोजनांच्या मांडणीचीही गणिताने हीच गत आहे, ती पाउलिंग यांनी १९३५ साली मोजली होती. म्हणजे इलेक्ट्रॉन जवळच्या शेजाऱ्यांशी जुळवून घेतात, पण त्यातून दूरवरची शिस्त कोणती हे ठरत नाही. ते ठरवायला छोटी छोटी बळं लागतात, म्हणून ढकलण्याची ऊर्जा इतकी मोठी असूनही संक्रमण इतक्या कमी तापमानाला होतं.

मोजण्याची अडचण वेगळीच. स्फटिक थंड होताना त्याची घनाकृती सममिती मोडते, आणि ती एकाच दिशेने मोडत नाही. एका स्फटिकाचे अनेक दिशांना तोंड केलेले तुकडे होतात. क्ष-किरणांच्या नकाशात सगळ्यांचे ठिपके एकमेकांत मिसळतात. २०१२ साली सेन, राइट आणि ॲटफील्ड यांनी जेमतेम ४० मायक्रोमीटरचा, जवळजवळ एकाच दिशेचा कण शोधून ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, त्याची रचना उलगडली. सहाच्या घेऱ्यातली लोहं त्यात १६ वेगवेगळ्या प्रकारची निघाली. ढोबळमानाने व्हरवे बरोबर होते: निम्मी दोन भारांकडे झुकलेली, निम्मी तीनकडे. पण जादा इलेक्ट्रॉन एका लोहावर शांत बसलेला नव्हताच. तो एका रेषेतल्या तीन लोहांवर पसरलेला होता, मधल्यावर जास्त आणि दोन्ही टोकांना थोडा, आणि ती टोकं मध्याकडे ओढली गेली होती. या तीनच्या तुकडीला त्यांनी ‘ट्रायमेरॉन’ म्हटलं.

दोन भार, तीन भार हे पूर्णांक आपल्या वहीतल्या हिशेबाचे आहेत. स्फटिकात प्रत्यक्ष फरक त्याच्या मानाने फार लहान असतो. मॅग्नेटाइटच्या आधीच्या मोजणीत दोन प्रकारच्या लोहांमधला फरक सुमारे एका इलेक्ट्रॉनाचा पाचवा भाग निघाला होता. यावरून काही जण म्हणू लागले की मग चार्ज ऑर्डरिंग असं काही नसतंच. हेही टोकाचंच. फरक लहान असला तरी तो ठरावीक क्रमाने पुन्हापुन्हा येतो, आणि भोवतालचे ऑक्सिजन त्याला प्रतिसाद देऊन सरकतात. ज्या लोहावर जादा इलेक्ट्रॉन, त्याचे ऑक्सिजन किंचित लांब. ज्यावर नाही, त्याचे किंचित जवळ. स्फटिकाचा सांगाडा या मांडणीवर शिक्कामोर्तब करतो, म्हणून ती टिकते.

मँगेनीजच्या ऑक्साइडांत हाच खेळ चुंबकत्वासह चालतो, आणि तिथे तो सर्वांत नाट्यमय आहे. निम्मी मँगेनीज तीन भारांची, निम्मी चार. झेनर यांनी १९५१ साली दाखवलं की इलेक्ट्रॉनाला मधल्या ऑक्सिजनवरून पलीकडच्या मँगेनीजवर सहज जाता येतं ते दोन्हीकडचे स्पिन एका दिशेला असतील तरच. म्हणजे सगळे स्पिन एकदिश झाले की पदार्थ धातू. उलट भार शिस्तीत लागले की इलेक्ट्रॉन थांबतात आणि स्पिनही मग वाकड्यातिकड्या साखळ्यांत उलटसुलट होतात. १९५५ साली वोलन आणि केलर यांनी न्यूट्रॉनांनी या चुंबकीय मांडण्या पाहिल्या आणि त्याच वर्षी गुडइनफ यांनी त्यांच्यामागची भारांची आणि कक्षांची मांडणी ओळखली. (लिथियम बॅटरीसाठी २०१९ साली नोबेल मिळालेले गुडइनफ ते हेच.)

या दोन अवस्था ऊर्जेने इतक्या जवळ असतात की नगण्य धक्क्याने पारडं फिरतं. निओडिमियम-स्ट्रॉन्शियम-मँगेनीज ऑक्साइड सुमारे १५८ केल्विनच्या खाली भारांच्या शिस्तीत जातो आणि रोधक होतो; १९९५ साली कुवाहारा, टोकुरा आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय क्षेत्र लावून ही शिस्त वितळवली. अशा प्रयोगात लागतं ७ टेस्लाच्या आसपासचं क्षेत्र. ७ टेस्ला प्रयोगशाळेत मोठं असतं, पण एका मँगेनीजला त्यातून मिळणारी ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक-दोन सहस्रांशाइतकी, जिथे यू काही इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे. प्रेसिओडिमियम-कॅल्शियमवाल्या भावंडाची तर आणखी गंमत. ४० केल्विनच्या खाली त्याच्यावर क्ष-किरण सोडले तर ते किरणच शिस्त मोडतात आणि पदार्थ वीज वाहू लागतो. किरण बंद केले तरी तो तसाच राहतो, तापवल्यावर पूर्वपदावर येतो. किर्युखिन आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ साली प्रसिद्ध केलं. भारांची मांडणी पाहायचं हत्यारच ती पुसून टाकतं, हे प्रयोग करणाऱ्यांना किती त्रासाचं असेल याची कल्पना करा.

या सगळ्यांत सर्वांत जुनी कल्पना विग्नर यांची. १९३४ साली त्यांनी म्हटलं की इलेक्ट्रॉन पुरेसे विरळ केले, तर अणूंच्या कोणत्याही मदतीशिवाय, निव्वळ एकमेकांना ढकलून, ते स्वतःचाच स्फटिक बनवतील. विरळ असताना धावपळीची ऊर्जा ढकलण्याच्या ऊर्जेपेक्षा वेगाने घटते, एवढाच त्यामागचा तर्क. १९७९ साली ग्राइम्स आणि ॲडम्स यांना द्रव हेलियमच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या इलेक्ट्रॉनांत तो सापडला.

प्रत्यक्ष चित्र मिळायला २०२१ उजाडलं. टंगस्टन डायसेलेनाइड आणि टंगस्टन डायसल्फाइड यांचे प्रत्येकी तीन अणूंच्या जाडीचे एकेक थर एकमेकांवर ठेवले की त्यांच्या जाळ्या किंचित न जुळल्याने सुमारे ८ नॅनोमीटर अंतरावर पुन्हा येणारी मोठी त्रिकोणी नक्षी तयार होते. तिची घरं अणूंपेक्षा पंचवीसेक पटींनी लांब, त्यामुळे टी इवलासा आणि ढकलणं वरचढ. अडचण अशी की पाहायला आणलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या टोकाची विद्युत चाहूल लागली की इलेक्ट्रॉन पांगतात. म्हणून संशोधकांनी वर ग्राफीनचा, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनचा, एक थर ठेवला आणि सुई त्या ग्राफीनवरून फिरवली. खालच्या इलेक्ट्रॉनांची सावली ग्राफीनमध्ये उमटते. तीन घरांमागे एक इलेक्ट्रॉन असताना त्रिकोणी मांडणी दिसली, तीनमागे दोन असताना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी. दोनमागे एक असताना त्रिकोणी जाळीवर एकाआड एक बसणं जमत नाही, तेव्हा इलेक्ट्रॉनांनी सरळ पट्टे पाडले. मँगेनीजच्या ऑक्साइडात असं प्रमाण बदलायचं तर दर वेळी नवा स्फटिक वाढवावा लागतो. इथे खालच्या विद्युतद्वाराचा (गेटचा) विद्युतदाब बदलला की एकाच नमुन्यात एकामागून एक तिन्ही मांडण्या येतात.